सतरा नंबरच्या खाटेची झोळी

चौथ्या दिवशी दुपारी पोराचा आवाज गेला. रडायला तोंड उघडायचं, गळ्याच्या शिरा ताणल्या जायच्या, छाती वरखाली व्हायची… आणि आवाज काहीच नाही. डोळे मात्र टक्क उघडे. चार दिवसांत ते डोळे धड तासभरसुद्धा मिटले नव्हते. रडणाऱ्या पोराला मी कधी भ्याले नाही. त्या दिवशी आवाज न करता रडणाऱ्या पोराला भ्याले.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, पापणी ओढून पाहिली. तरुण डॉक्टर होते, चष्मेवाले, दोन रात्रींचे जागे. म्हणाले, "गयाबाई, ताप उतरणीला लागलाय. पण हे झोपत नाही आणि तोंडात काही घेत नाही. सलाईन लावायला शीर सापडत नाही. असंच चाललं तर उद्यापर्यंत टिकणार नाही."

"झोपेचं औषध द्या ना मग."

"दोनदा दिलं. आता आणखी दिलं तर श्वास थांबेल."

असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले. जाणारच. वॉर्डात पोरं चोवीस आणि डॉक्टर एक.

आता मी कोण ते सांगते. नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी लहान पोरांच्या वॉर्डात आया होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. बहात्तर की त्र्याहत्तर साल असावं, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता हे पक्कं आठवतं, कारण खिडक्यांच्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवर दर अर्ध्या तासानं पाणी मारायचं काम माझ्याकडेच होतं. मी चौथी पास. माझी नात हे मासिक वाचते, तिनं लिही-लिही म्हणून मागे लागून हे लिहवून घेतलं. शुद्धलेखन तिनं सुधारलं आहे. गोष्टीला हात लावू दिला नाही.

भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं — यातलं मी काही मानत नव्हते, आजही मानत नाही. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेली माणसं. माझ्या सासऱ्यांनी दीक्षाभूमीवरून आल्यावर घरातले ताईत, गंडेदोरे, लिंबू-मिरची सगळं एका टोपलीत भरून बाहेर काढलं आणि सासूला म्हणाले, यातलं काही परत घरात दिसलं तर तूही टोपलीत. वॉर्डातही पोरांच्या दंडाला, गळ्याला मायांनी बांधलेले काळे दोरे कात्रीनं मीच कापायची. इंजेक्शनच्या आड येतात म्हणून. माया मला शिव्या देत. देऊ द्या. तर असं माणूस आहे मी, आणि तरी जे पाहिलं ते पाहिलं.

दवाखान्यात लहान पोरं का झोपत नाहीत हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. पाहून पाहून कळलं. घरी पोर झोपलं की लोक चपला हातात घेऊन चालतात. दवाखान्यात उलटं. झोपलं की कोणी तरी येऊन काखेत थर्मामीटर लावतं, कोणी ढुंगणात सुई टोचतं, कोणी चादर ओढतं. पत्र्याचे ट्रे आपटतात. रात्री दिवे जळतात, दिवसा पडदे नाहीत. दीड वर्षाच्या पोराला बोलता येत नाही, पण हिशेब त्याला कळतो. डोळे मिटले की सुई येते, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की ते डोळे मिटत नाही. मग मांडीवर घ्या, अंगाई गा, पाठीवर थापटा… ते टक्क जागं.

सतरा नंबरचा पोरगा तसाच होता. नाव सुदाम, वय दीड वर्ष, कामठीच्या पलीकडच्या एका गावचा. मुदतीचा ताप, टायफॉईड. त्याच्या मायलाही तोच ताप, आणि तिला जास्त. दोघांना एकाच बैलगाडीतून कामठीपर्यंत आणि तिथून एकाच मोटारीतून आणलं. माय शेवंता शुद्धीत नव्हती. तिला मधलं अंगण ओलांडून पलीकडच्या इमारतीत, बायांच्या वॉर्डात टाकलं. पोरगा इकडे. आमच्याकडे बाकी पोरांजवळ त्यांच्या माया बसायच्या. याच्याजवळ कोणी नाही. बाप होता, नामदेव, लाकडाच्या टालावर, वखारीत, कामाला. पण बायांनी भरलेल्या वॉर्डात पुरुषाला भेटीच्या वेळेशिवाय बसू देत नसत. तो अंगणातल्या कडुनिंबाखाली बसून असायचा, एकदा या दाराकडे बघायचा, एकदा त्या.

म्हणून सुदाम माझ्या वाट्याला आला. माझी स्वतःची चार पोरं सासूनं झोपवली, मी ड्यूटीवर लोकांची झोपवत होते. एकेका पोराची एकेक तऱ्हा असते. कोणाला कान धरून झोपायचं असतं, कोणाला पदराचं टोक चोखायचं असतं, एक पोरगी तर मायच्या कोपराची चामडी चिमटीत धरल्याशिवाय झोपत नसे. ती तऱ्हा सापडली की अर्धं काम झालं. सुदामची मला चार दिवसांत सापडली नव्हती.

डॉक्टर पुढे गेल्यावर मी तशीच उन्हात अंगणात गेले.

"नामदेव, घरी कसा झोपते हा?"

तो उभा राहिला. "मले का मालूम बाई. त्याची मायच झोपवते."

"दीड वर्साच्या पोट्ट्याचा बाप झाला तू, अन् पोट्टं कसं झोपते तुले मालूम नाही?"

"मी टालावरून येतो तवा तो झोपलेलाच राहते ना जी." मग डोकं खाजवत म्हणाला, "झोयीत झोपते. तिच्या लुगड्याची झोयी बांधते ती आड्याले. दोरी पायाच्या अंगठ्याले बांधते. पायानंच झुलवते."

"पायानं काहून?"

"हात रिकामे कोठी राहतेत जी. विड्या वळते ना ती."

मी म्हटलं, "मंग हे चार दिवस सांगितलं काहून नाही? तोंडात काय गोटी होती?"

"तुम्ही इचारलंच नाही," तो म्हणाला.

हे खरं होतं. पोराला किती वेळा संडास झाली, ओकलं किती, ताप कधी चढतो, हे सगळं आम्ही त्याला चारचारदा विचारलं होतं. झोपतं कसं, ते कोणी विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांची आया मी, पण मलाही सुचलं नाही. ही माझी चूक, ती मी मान्य करते. त्यानंतर नोकरी सुटेपर्यंत कोणतंही नवं पोर वॉर्डात आलं की मी आधी तेच विचारायची.

शेवंताचं लुगडं तिच्या खाटेखाली गाठोड्यात होतं. नामदेव घेऊन आला. हिरवं, विटलेलं, आणि त्याला विडीच्या जर्द्याचा असा वास की मला शिंक आली. वॉर्डात झोळी बांधायची परवानगी नव्हती. आमच्या सिस्टर अन्नम्मा केरळच्या, शिस्तीच्या कडक, खाटेची चादर वाकडी दिसली तरी बोलणाऱ्या. मी खाट ओढून खिडकीपासून दूर केली, हलू नये म्हणून पायांना विटा लावल्या. झोळीचं एक टोक खिडकीच्या गजाला आणि एक खाटेच्या दांडीला बांधत होते तेवढ्यात त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"गयाबाई, ये क्या है?"

"झोळी."

"कपड़ा धुला हुआ है?"

"हो," मी म्हटलं. साफ खोटं.

त्यांनी पोराकडे पाहिलं. पोर तोंड उघडून तसंच, बिनआवाजाचं, रडत होतं. "मैंने कुछ नहीं देखा," असं म्हणून त्या औषधाच्या कपाटाकडे गेल्या आणि कपाट उगाच पाच मिनिटं आवरत बसल्या.

पोराला झोळीत घातलं. कडेला सुतळी बांधली आणि मी फरशीवर बसून ओढू लागले. मला झोळी हलवता येते. लांब, सावकाश, एका चालीत. वॉर्डातल्या माया म्हणायच्या, गयाबाईंच्या हातानं दगडही झोपेल. सुदामनं लुगड्यात नाक घातलं, एवढा फरक पडला. पण झोप नाही. अर्धा तास ओढलं. दर झोक्याला तो अंग आखडायचा, जसं काही चुकतंय आणि मला कळत नाहीये. खरंच मला कळत नव्हतं.

एकच्या सुमाराला लाईट गेली. पंखे थांबले. नागपूरचा नवतपा आणि पंखा बंद… ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. माया पोरांना पदरानं वारा घालता घालता पेंगू लागल्या. बाहेर पानही हलत नव्हतं. बावीस नंबरच्या मायनं पाणी मागितलं म्हणून मी सुतळी फरशीवर ठेवली, उठले, माठातून पाणी नेऊन दिलं, रिकामा गिलास धुतला. पाच-सात मिनिटं गेली असतील. परत आले.

झोळी हलत होती.

मला वाटलं, बाजूच्या सोळा नंबरची माय हलवते आहे. ती तर पोराला पोटाशी घेऊन तोंड उघडं टाकून झोपलेली. वारा म्हणावं तर खिडकीची ताटी जागची हलत नव्हती. आणि झोळी माझ्या चालीत हलत नव्हती. दोन आखूड झोके, मग थांबायची. पुन्हा दोन आखूड झोके, पुन्हा थांबायची. वाऱ्यानं किंवा आपल्या जोरानं हलणारी वस्तू हळूहळू मंद होते. ही होत नव्हती. दोन, आणि थांबा. दोन, आणि थांबा.

मग मी सुतळीकडे पाहिलं. फरशीवर मी जी सैल टाकली होती, ती ताणलेली होती. तिचं टोक फरशीपासून वीतभर वर, हवेत. झोळी ओढली जायची तेव्हा सुतळी ताठ व्हायची, थांबली की जरा ढिली पडायची. टोकाला कोणी नाही. मी तिथेच दोन पावलांवर उभी. डोळे धड, डोकं धड, दुपारचा एक वाजलेला, ताटीच्या फटींतून ऊन आत आलेलं.

मी ओरडले का? नाही. कारण तेवढ्यात माझं लक्ष झोळीच्या आत गेलं. सुदाम झोपला होता. डोळे मिटलेले, मूठ उघडी, तोंडातून लाळ. चार दिवसांनी. आणि आमच्या वॉर्डात झोपलेलं पोर उठवणारं माणूस भुतापेक्षा वाईट. म्हणून मी तोंडावर हात ठेवला आणि सोळा नंबरच्या खाटेला टेकून बसले. मनात म्हटलं, जे कोणी ओढतंय ते ओढू दे. माझ्यापेक्षा बरं ओढतंय.

सव्वा-दीड तास गेला असेल. मग एका झोक्याच्या मध्येच सुतळी फरशीवर पडली. टप्कन. झोळी दोन-चारदा आपल्या आपण हलून थांबली. सुदामनं डोळे उघडले, आणि पुन्हा तेच तोंड, तेच बिनआवाजाचं रडणं.

मी सुतळी उचलली आणि त्या चालीत ओढून पाहिली. दोन, थांबा. दोन, थांबा. पोर जरा निवळलं, पण डोळे मिटेना. थांबा किती, झोका किती, ते मला नीट जमत नव्हतं. तेवढ्यात दारात नामदेव येऊन उभा राहिला. आत यायची हिंमत नाही, हात जोडलेले.

"बाई, तिचा पाय बांधून टाकला."

"कोणाचा?"

"सुदामच्या मायचा. लय हालवून राहिली होती, सलाईन निघून जात होती. आत्ता सिस्टरबाईनं पट्टीनं खाटेले बांधला. तिले दुखत असंल ना जी."

मी सुतळी सोळा नंबरच्या मायच्या हातात दिली. तिला हलवून उठवलं आणि म्हटलं, ओढत राह्य, दोन झोके देऊन थांबत जाय, अन् काहून ते इचारू नको. अंगण ओलांडून बायांच्या वॉर्डात गेले. फरशी इतकी तापली होती की चप्पल चिकटत होती. तिथली आया सुभद्रा, माझ्याच वस्तीतली, माझ्याहून तोंडानं फाटकी.

"सुभद्रे, हिचा पाय कायले बांधला वं?"

"तुह्या बापाचं काय जाते? दीड तास झाला, हापशावानी पाय मारून राहिली होती. अंगात शुद्ध नाही अन् पायाले आराम नाही. सुई दोनदा निघाली."

"कवापासून?"

"लाईट गेली ना, तवापासून."

मी खाटेच्या पायथ्याशी गेले. शेवंता म्हणजे हाडं आणि ताप. डोळे अर्धे उघडे, पण त्यात कोणी नाही. हाताला शीर सापडली नाही म्हणून सलाईन उजव्या पायाला, घोट्याजवळ लावलेलं, आणि तोच पाय पट्टीनं दांडीला करकचून बांधलेला. पाय हलू शकत नव्हता. पण अंगठा हलत होता. वाकायचा, सरळ व्हायचा, वाकायचा, सरळ व्हायचा, थांबायचा. दोन, आणि थांबा.

मी किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. सुभद्रा म्हणाली, "काय झालं वं? तोंड काहून असं केलं?"

"पाय सोडा हिचा."

"माही नोकरी खाशील का तू? सिस्टरनं बांधला."

"अंगठा पाह्य. निळा पडून राहिला. उद्या पाय कापावा लागला तर सिस्टर सांगंल, सुभद्रेनं पट्टी बांधली."

पट्टी खरंच फार घट्ट होती, अंगठा खरंच निळसर झाला होता. त्यामुळे हे खोटं नव्हतं. सुभद्रेनं वाकून पाहिलं, दोन शिव्या दिल्या आणि सिस्टरला बोलावून आणलं. सिस्टरनं पट्टी सोडली, पुटपुटत सलाईन काढलं, आणि बराच वेळ शोधून डाव्या हाताला शीर काढली. मी खरं कारण कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मलाच एखाद्या खाटेवर निजवलं असतं.

शेवंताच्या पायाला रक्त फिरायला थोडा वेळ लागला. मग पाय हलला. गुडघ्यातून नाही, नुसता घोट्यातून. दोन झोके, थांबा. मी परत फिरले. पळाले म्हटलं तरी चालेल, आणि माझं वजन तेव्हाही कमी नव्हतं.

वॉर्डात आले तर सिस्टर अन्नम्मा झोळीपाशी उभ्या. एका हातात चारच्या इंजेक्शनचा ट्रे, दुसरा हात गळ्यातल्या क्रूसावर. सोळा नंबरची माय आपलं पोर घेऊन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती. सुतळी हवेत, ताठ. सुदाम गाढ झोपलेला.

सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "गयाबाई, कौन हिला रहा है?"

"पंखा."

"लाईट एक बजे से नहीं है."

"मंग हवा असंल."

त्या सुतळीच्या टोकाकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "सिस्टर, इंजेक्शन आत्ता दिलं तर हे उठेल."

वॉर्डातल्या साऱ्यांच्या नोकऱ्या तिथे घड्याळावर चालत होत्या, आणि सगळ्यांत जास्त या बाईची. त्यांनी ट्रे खाली ठेवला. "सो लेने दो. उठेगा तब देंगे. डॉक्टर को मैं बोलूँगी." आणि जाता जाता पत्र्याच्या ट्रेखाली कापड घातलं, वाजू नये म्हणून.

दिवे लागायच्या वेळेला सुदाम उठला. उठल्यावर त्यानं चमचा-चमचा करून अर्धी वाटी भाताची पेज घेतली. त्यानंतर त्याला इंजेक्शन दिलं, आणि तो रडला… आवाज काढून. घोगरा, फाटका आवाज. माझ्या आयुष्यात मला कोणाचं रडणं एवढं गोड लागलं नाही.

पुढचे तीन दिवस असंच चाललं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही पाहिलं. आधी खाली वाकले, मग खिडकीबाहेर डोकावले, मग दोन बोटांनी सुतळी धरली आणि लगेच सोडून दिली. मला म्हणाले, "ओढ लागतेय हाताला." मी म्हटलं, "मला काय सांगता, मी चौथी शिकलेली." ते खाटेच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ लिहून गेले. सिस्टरनं वाचून सांगितली — पेशंट झोपला आहे, उठवू नये. बावीस वर्षांच्या नोकरीत तशी ओळ मी त्या एकाच कागदावर पाहिली.

नामदेवला मात्र मी सांगितलं. त्याचं लेकरू, त्याची बायको, त्याला कळायला पाहिजे असं वाटलं. कडुनिंबाखाली उभं राहून सगळं सांगितलं, पाय, सुतळी, सगळं. मला वाटलं हा घाबरेल, नाही तर पाया पडेल. तो शांतपणे म्हणाला, "हो जी. ती असंच करते." जसं मी त्याला सांगितलं होतं की त्याची बायको भाकरीत मीठ घालते.

आठव्या दिवशी सकाळी सुतळी फरशीवरच पडून राहिली. मी अंगणाकडे निघाले तर समोरून सुभद्राच येत होती.

"तुही ती पायवाली उठली वं. पाणी मागून राहिली. अन् म्हणते, उजव्या पायाची पोटरी लय दुखते, काहून दुखते? मी म्हटलं, बाई, तू चार दिवस इथं खाटेवर सायकल चालवली."

शेवंताला चालता यायला आणखी सहा दिवस लागले. तोवर झोळी मी ओढली. चाल आता माझ्या हातात बसली होती, आणि पोरानंही मला चालवून घेतलं. मग नामदेवनं तिला धरून आमच्या वॉर्डात आणलं. सुदामनं तिला पाहिलं आणि आधी तोंड फिरवलं. रुसला होता. चौदा दिवस कुठे होतीस, असा. ती हसली. फरशीवर पाय लांब करून बसली आणि सुतळी घेऊन उजव्या अंगठ्याला गुंडाळली. त्याला झोळीत घालायला मी होतेच.

पाय चालू झाला. आणि तिचे रिकामे हातही चालू झाले, तिच्या ध्यानात नसताना. मांडीवर सूप नाही, तेंदूचं पान नाही, जर्दा नाही, पण बोटं वळत होती. पान गुंडाळताना पाय दोन झोके द्यायचा. धागा बांधायला दोन्ही हात गुंतले की पाय थांबायचा. पुन्हा पान, पुन्हा दोन झोके. तिच्या अंगठ्याला बांधलेली सुतळी फरशीपासून वीतभर वर होती.

मी ते पाहिलं आणि ट्रे धुवायला निघून गेले. ड्यूटी होती.

याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. पुढे त्या डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, मुदतीच्या तापात बेशुद्ध माणूस हातपाय हलवतो, रोजच्या कामाचे चाळे करतो, हे आम्ही शिकलेलो आहोत. "आणि सुतळी?" मी विचारलं. ते म्हणाले, "गयाबाई, ते आम्हाला शिकवलं नाही." मीही माझ्या मनाला सतरा कारणं देऊन पाहिली, एकही पटलं नाही. कोणाला माहीत असेल तर नातीच्या पत्त्यावर कळवा. मात्र मायेची ताकद वगैरे लिहून पाठवू नका. त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डात दोन पोरं गेली. त्यांच्या माया त्यांच्या उशाशीच बसलेल्या होत्या, आणि त्यांची माया काही कमी नव्हती.

शेवंता त्यानंतर पुष्कळ वर्षं विड्या वळत होती. सुदाम कामठीला असतो, आता आजोबा झालाय. मधे एकदा भेटायला आला तेव्हा माझ्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपला.

सतरा नंबरचं पोर जगलं. त्याची मायही जगली.